आतल्या बाजूची कडी

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात आणि आम्ही राहतो त्या इमारतीला लिफ्ट नाही. लग्न झाल्यापासून मी ही चेष्टा करत आले आहे आणि हे दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतात. तीन मजल्यांची इमारत, दुसऱ्यावर आम्ही, आणि बरोबर आमच्या डोक्यावर तो फ्लॅट. तो आम्ही भाड्यानं देण्यासाठी घेतला.

ते खूळ ह्यांच्याच डोक्यात शिरलं. ह्यांचे गुडघे बोलायला लागले होते, आणि लिफ्टच्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाचे गुडघे गेले की त्याची रोजीरोटीच गेली. पेन्शन नाही. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली. माझं शिवणकाम काय, डोळे आहेत तोवर. अशात वरचे म्हातारा-म्हातारी मुलाकडे कायमचे राहायला निघाले आणि एजंट आमच्याकडे येऊन चहा पिता पिता म्हणाला, "काका, भाडं येईल, भाड्यातून हप्ता जाईल, आणि कर्ज फिटलं की घर तुमचं. तुम्ही नुसतं बसून राहायचं." नुसतं बसून राहायचं, हे ऐकून ह्यांच्या गुडघ्यांना झालेला आनंद मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

माझी साठवण, ह्यांचा फंड आणि वर बँकेचं कर्ज, असा सगळा मेळ घालून फ्लॅट घेतला. भाडं आणि हप्ता जेमतेम सारखेच. एक महिना जरी फ्लॅट रिकामा राहिला तर पोटाला चिमटा बसणार, हे आम्हा दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आम्ही ते एकमेकांना बोलून दाखवत नव्हतो, एवढंच.

मालक व्हायची ह्यांना भारी हौस. स्वतःच्या घरातला गळका नळ सहा महिने फडकं बांधून ठेवणारा हा माणूस, वरच्या फ्लॅटमध्ये मात्र एकूण एक नळ नवा. भिंतींना रंग दिला, खिडक्यांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं, कुठलं बटण कशाचं ते चिठ्ठ्या चिकटवून लिहून ठेवलं. "भाडेकरूनं तक्रार केली की त्याच दिवशी काम झालं पाहिजे," हा ह्यांचा नियम. मी म्हटलं, माझ्याही तक्रारी आहेत, मला भाडेकरू म्हणून ठेवून घ्या. पण त्या नियमामागचं कारण मला ठाऊक होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑफिसच्या लिफ्टमध्ये दम्याची एक बाई अडकली होती. फोन आला तेव्हा हे जेवत होते आणि ताटातलं संपवून निघाले. बाई वाचली, पण दार उघडल्यावर तिचा निळा पडलेला चेहरा ह्यांनी बघितला तो कायमचा. तेव्हापासून बाहेरून उघडता येत नाही अशा कुठल्याही दाराशी ह्यांचं वैर.

भाडेकरू निवडायला बसलो तेव्हा आम्ही जणू मुलीसाठी स्थळं बघत होतो. कॉलेजची चार पोरं आली, ती मला नको होती. गाणं शिकवणारी एक बाई आली, ती शेजाऱ्यांना नको होती. मग हे जोडपं आलं. तो कुठल्याशा कंपनीत हिशेब तपासायचा. शर्टाला इतकी कडक इस्त्री की मी मनातल्या मनात त्याचं नाव इस्त्रीसाहेब ठेवून दिलं. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, पाण्याचा जोर विचारला, ऊन कुठल्या बाजूनं येतं ते विचारलं. "काकू, आम्ही दोघंच. आवाज नाही, गोंधळ नाही, पाहुणेरावळे नाहीत," असं तो म्हणाला तेव्हा मला हायसं वाटलं. बायको सव्वीस-सत्तावीसची, किडकिडीत, हसरी. तिनं फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघितलं आणि खाली कोण राहतं ते विचारलं. मी म्हटलं, मीच राहते, आणि कपडेही शिवते.

भाडं एक तारखेला सकाळी, आमचा चहा उकळायच्या आत, फोनवर जमा व्हायचं. हे तो फोन मला दाखवायचे, जणू ह्यांच्याच परीक्षेचा निकाल लागलाय. "बघ, म्हणत नव्हतो?" महिनाभर आम्ही खरोखरच सुखात होतो.

वरची माझ्याकडे पहिल्यांदा आली ती ड्रेसच्या बाह्या लांब करून घ्यायला. कोपरापर्यंत होत्या, मनगटापर्यंत हव्या होत्या. उन्हाळा नुसता भाजून काढत होता. तसलंच कापड कुठून आणायचं, म्हणून मी वेगळ्या रंगाची पट्टी जोडून टीप मारली. आठवड्यात आणखी दोन ड्रेस आले, बाह्यांसाठीच. पुढचा आला त्याचा गळा बंद करून हवा होता. माप घ्यायला टेप लावली तर ती आधीच खांदा चोरून उभी. मी इतकी वर्षं बायकांची मापं घेत आलेय. कुठं गुदगुल्या होतात आणि कुठं दुखतं, हे मला कळतं. मी विचारलं, "काय झालंय गं?" ती म्हणाली, "काही नाही काकू, कपाटाचं दार लागलं." हसत म्हणाली, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

माझं मशीन आमच्या घराच्या मागच्या कोपऱ्यात आहे आणि त्याच्या बरोबर वर त्यांचं न्हाणीघर. रविवारी दुपारी इमारत जेवून लवंडलेली असते, तेव्हा वरचं सगळं ऐकू यायचं. आधी त्याचा आवाज, चढलेला नाही, एकसुरी, हिशेब वाचून दाखवल्यासारखा. मग काहीतरी सरकल्याचा आवाज. मग धावती पावलं, आणि माझ्या डोक्यावर कडी लागायची, खट्ट. मग नळ सुटायचा आणि बराच वेळ चालू राहायचा. बाहेरून दारावर हात पडायचे, मग लाथ, मग शांतता. ती आत आहे आणि कडी लागली आहे, हे कळलं की माझ्या पायाखालचं मशीन पुन्हा चालू व्हायचं.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "नवरा-बायकोचं भांडण. आपल्यात होत नाही का?"

"आपल्यात मी ओरडते आणि तुम्ही वर्तमानपत्र वाचता. हे ते नाही."

"मग मी वर जाऊन काय म्हणू? तुमच्या बायकोनं बाह्या लांब करून घेतल्या म्हणून जागा खाली करा? आणि ते गेले तर पुढच्या महिन्याचा हप्ता कोण, तुझा मामा भरणार?"

माझ्या माहेरचं नाव निघालं की आमच्या घरात बोलणं संपतं. तरी एका रविवारी मी पिठाची वाटी मागायच्या निमित्तानं वर गेलेच. दार त्यानंच उघडलं. "या ना काकू, चहा घेता?" मागं ती उभी, ओल्या केसांनी. "आम्ही कपाट सरकवत होतो, तुम्हाला त्रास झाला का?" तिनंच विचारलं, आणि त्यानं तिच्याकडे कौतुकानं बघितलं. मी वाटीभर पीठ घेऊन खाली आले आणि ते पीठ कितीतरी दिवस ओट्यावर तसंच पडून होतं.

नंतर तो खाली आला. मी पलीकडच्या रस्त्यावर गिऱ्हाइकाचे कपडे द्यायला गेले होते, त्यामुळे घरी हे एकटेच. पुढचं मला ह्यांच्याच तोंडून कळलं, आणि तेही हे मोठ्या समाधानानं सांगत होते. मी घरात शिरले तेव्हा हे साबण लावून हात धूत होते, हत्यारांची पेटी दारात.

"काय दुरुस्त केलंत?"

"वरच्या न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"अगं, तिला चक्कर येते. आत पडते. गेल्या रविवारी अर्धा तास आत अडकली होती म्हणे, बिचारा बाहेरून दार बडवत होता. मी म्हटलं साहेब, हे आधी नाही का सांगायचं? लगेच पेटी घेतली. कडी जरा वाकलेलीच होती, धक्क्यांनी. चार स्क्रू. भोकं लांबीनं बुजवून वरून रंगाचा हात मारलाय. कुठं कडी होती ते शोधून सापडणार नाही."

"ती काय म्हणाली?"

"कोण?"

"ती! तुम्ही कडी काढत होतात तेव्हा ती काही म्हणाली का?"

हे आठवू लागले. "हातात फडकं घेऊन उभी होती. म्हणाली, काका, राहू द्या ना, मला नाही येत चक्कर. तर साहेब हसून म्हणाले, हिला चक्कर आलेलीसुद्धा आठवत नाही. मलाही हसू आलं."

मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. शेजारी गॅलरीत आले होते, एवढं खरं. त्या कडीमुळे ती वाचत होती, हे मी ह्यांना तीन-तीनदा सांगितलं. पहिल्यांदा ह्यांना पटलं नाही, दुसऱ्यांदा राग आला, आणि तिसऱ्यांदा हे मटकन खुर्चीत बसले. मग म्हणाले, "पण तो खोटं कशाला सांगेल? असल्या गोष्टीत कोणी खोटं सांगतं का?" पन्नाशी उलटलेला हा माणूस, हजार लोकांना लिफ्टमधून बाहेर काढलेला. बाहेरून दार बडवणारा माणूस वाचवायलाच आलेला असतो, एवढंच ह्यांना ठाऊक होतं.

"उद्या परत लावा," मी म्हटलं.

"साहेबांना काय सांगू?"

"सांगा, मालकीणबाईचं डोकं फिरलंय."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मीच वर गेले, नवी कडी पदरात लपवून. तिनं दार उघडलं आणि कडी बघून मागं सरकली. "काकू, नको. त्याला दिसेल. मग मीच सांगितलं असं होईल." मी म्हटलं, मग आमच्याकडे ये, आत्ता चल, असशील तशी. ती म्हणाली, "येईन. बाबांना फोन करून मग येईन. त्यांचं मन तयार करायला हवं, त्यांना जावई फार आवडतो." मग तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "काका त्याच्या बाजूनं आहेत का हो?"

मी नाही म्हटलं. तिला ते पटलं की नाही, मला कळलं नाही.

रविवार आला. हे सकाळपासून घरातच, वर्तमानपत्र उलटं धरलंय की सुलटं याचा पत्ता नाही. दुपारी तोच एकसुरी आवाज सुरू झाला. काहीतरी सरकलं. धावती पावलं माझ्या डोक्यावर आली. आम्ही दोघं माना वर करून उभे. दार आपटल्याचा आवाज आला, पण पुढं खट्ट आलं नाही. तेच दार पुन्हा उघडल्याचं मात्र ऐकू आलं.

मी जिना कसा चढले ते मला सांगता येणार नाही. बेल वाजवली, दार बडवलं. हे मागून आले, गुडघे धरत, हातात फ्लॅटची आमच्याकडची किल्ली. आणि दारापाशी थबकले. करारात लिहिलं होतं, मालकानं आगाऊ सूचना दिल्याशिवाय आत यायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ह्यांना ते आठवलं. मी किल्ली हिसकावून घेतली आणि कुलपात घालणार तोच दार आतून उघडलं. इस्त्रीसाहेबाच्या बाह्या ओल्या होत्या. "बरं झालं आलात," तो म्हणाला. "तिला चक्कर आली. पडली."

ती फरशीवर होती. नळ चालूच होता. पुढं हॉस्पिटल झालं, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिला शुद्ध अशी आलीच नाही.

पोलीस ठाण्यात आम्हाला दोघांनाही बोलावलं. फौजदार तरुण होता, वागायला वाईट नव्हता. त्याच्यासमोर सगळी गोष्ट नीट जुळवून आधीच आलेली होती. बायकोला चक्कर यायची, म्हणून नवऱ्यानं घरमालकाला सांगून कडी काढून घेतली होती. पुरावा म्हणून ह्यांनीच इस्त्रीसाहेबाला फोनवर पाठवलेला निरोप होता. "काम झालं साहेब. आता बाईंना धोका नाही." ह्यांना असले निरोप पाठवायला फार आवडायचं.

आधी मला आत घेतलं. मी बाह्यांपासून सगळं सांगितलं. फौजदार लिहिता लिहिता थांबला. "बाई, आवाज ऐकलेत म्हणता. कधी तक्रार केलीत? नाही. मारताना पाहिलंत? नाही. आणि एक सांगतो, अपघात म्हणून मिटलं तर फ्लॅट आठवड्यात तुमच्या ताब्यात. खुनाची केस उभी राहिली तर फ्लॅटला सील. केस किती चालेल ते मला विचारू नका."

"लावा सील," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण हप्ता मलाही ठाऊक होता.

मग हे आत गेले. बाहेर बाकावर एक म्हातारा बसला होता, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून प्रवासातल्या पाण्याची बाटली डोकावत होती. तो कोण ते मला विचारावं लागलं नाही, तिचं नाक तेच होतं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. ते सोडून मी त्याच्यासाठी पाणी भरून आणलं आणि त्यानं ते प्यायलं.

हे बाहेर आले ते भिंत धरत. माझ्या शेजारी बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "त्यांनी विचारलं, चक्कर यायची म्हणूनच कडी काढली का. मी हो म्हटलं. म्हणजे, त्याचसाठी काढली ना मी? खोटं कुठं आहे त्यात?"

"आणि ती काय म्हणाली होती, ते सांगितलंत?"

"ते त्यांनी विचारलं नाही."

मला ह्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. इतक्या वर्षांच्या संसारात इतका राग मला कधी आला नव्हता. मी तोंड उघडणार इतक्यात तो म्हातारा उठला आणि ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. पिशवी काखेत धरून त्यानं दोन्ही हात जोडले.

"तुम्हीच ना घरमालक? जावईबापूंनी सांगितलं मला. त्यांनी सांगितलं की त्याच दिवशी पेटी घेऊन वर आलात म्हणे. तिला चक्कर यायची हे आम्हा आईबापांनाही माहीत नव्हतं हो. तुम्ही परके असून एवढं केलंत. तिचं नशीबच नव्हतं, त्याला तुम्ही काय करणार? पण तुमचे उपकार..."

त्याचे हात तसेच जोडलेले. माझ्या शेजारी हे उठून उभे राहिले. मला वाटलं, आता हेही हात जोडतील, दोन शब्द बोलतील आणि आम्ही घरी जाऊ. मनाच्या कुठल्याशा कोपऱ्यात मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

ह्यांनी त्याचे जोडलेले हात धरून खाली केले.

"तिला चक्कर येत नव्हती," हे म्हणाले. "तिनंच सांगितलं मला. मी कडी काढत होतो तेव्हा सांगितलं. राहू द्या म्हणाली."

म्हाताऱ्याला काही कळलं नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, पुन्हा ह्यांच्याकडे बघितलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यात काहीतरी बदलत गेलं.

"मग का काढलीत?" त्यानं विचारलं.

हे वळले, फौजदाराच्या खोलीचं दार ढकलून आत गेले, आणि जबाब बदलून येईपर्यंत बराच वेळ गेला. म्हातारा बसला नाही. हे बाहेर आले तेव्हा तो जागच्या जागीच होता, उत्तरासाठी थांबलेला.